तट उभा, आत पोखरण : स्तनाचा कर्करोग हाडापर्यंत कसा पोहोचतो, या शोधाचा इतिहास

१/१८
शनिवार पेठेत शनिवारवाड्याचा तट आजही उभा आहे. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे निशाण चढले. ते चढवणारा हात बाळाजीपंत नातूंचा होता, ही गोष्ट पुण्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तट शाबूत होता, बुरूज जागच्या जागी होते, आणि राज्य गेले होते. वैद्यकाच्या इतिहासातही अशाच एका तटाची कथा आहे. तो तट म्हणजे माणसाचे हाड. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी तेथे पोहोचतात तेव्हा तट त्या स्वतः फोडत नाहीत. त्या आतल्या माणसांना हुकूम पाठवतात. हे हुकूम कोणते आणि ते पाळले का जातात, हे समजायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाची काही पाने पुण्यात लिहिली गेली.

२/१८
प्रथम रोगाविषयी. स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. जिवाला खरा धोका असतो तो तिच्यातून निसटून शरीरात इतरत्र वसलेल्या पेशींचा. या पेशींचे सर्वांत आवडते ठिकाण हाड आहे : मणके, कंबरेचे हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. तेथे वाढणारा रोग हाडाचा कर्करोग नसतो. हाडात जाऊन राहिलेला तो स्तनाचाच कर्करोग असतो. त्याने हाड ठिसूळ होते, किरकोळ धक्क्याने मोडते, मणका खचून मज्जारज्जू दाबला जातो, रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढते. रक्त तर साऱ्या शरीरात फिरते. मग हाडच का?

३/१८
हा प्रश्न आकड्यांच्या आधारे विचारणारा माणूस होता लंडनचा शल्यविशारद स्टीफन पॅजेट. १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्याने तपासल्या होत्या. यकृतात रोग पसरल्याच्या नोंदी २४१ होत्या, प्लीहेत अवघ्या १७. रक्ताचा पुरवठा दोन्हीकडे भरपूर आहे. वाहत जाऊन कोठेही अडकणे, एवढेच कारण असते, तर एवढी तफावत पडली नसती. हाडांच्या बाबतीतही त्याला हेच दिसले : काही हाडे वारंवार सापडतात, काही जवळजवळ कधीच नाहीत.

४/१८
पॅजेटने शेतीतला दृष्टान्त घेतला. बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीतच. आजवर सर्वांनी बी तपासले, मातीकडे कोणी पाहिले नाही, अशी त्याची तक्रार होती. ती फारशी कोणी ऐकली नाही. १९२८ मध्ये अमेरिकेतील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी उलट मत मांडले : रक्तवाहिन्यांची रचना पाहावी, ती जिकडे नेईल तिकडे पेशी जाणार. १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीचे झडपा नसलेल्या शिरांचे जाळे दाखवले आणि यूइंग यांच्या बाजूला बळ मिळाले. वाट सापडली होती. पण वाट कळली म्हणजे मुक्काम का पडला हे कळत नाही.

५/१८
माती समजून घेण्यात एक गैरसमज आड येत होता. हाड म्हणजे दगडी तट, एकदा बांधला की तसाच राहणारा, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते नांदत्या वाड्यासारखे असते, जेथे दुरुस्ती कधी थांबत नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या अस्थिभंजक पेशी जुने हाड आम्लाने आणि विकरांनी विरघळवतात. ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे अस्थिजनक पेशी, त्या खड्ड्यात नवे हाड भरतात. प्रौढ सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. पाडणाऱ्यांची आणि बांधणाऱ्यांची टोळी एकमेकींना निरोप धाडूनच काम करतात. जेथे निरोपांवर कामकाज चालते, तेथे निरोपांत ढवळाढवळ करता येते.

६/१८
हे निरोप वाचायचे तर मृत पेशींचे काप पुरेसे नव्हते. जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांचे वागणे पाहणे आवश्यक होते. भारतात ही विद्या रुजवणारी स्त्री पुण्याची होती. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत शिकल्या. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिलेली ही मुलींची शाळा पॅजेटचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा अवघी पाच वर्षांची होती. कमल यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलीने फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास केला.

७/१८
विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईस आल्या. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतीय विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास आरंभला. कर्करोगास कमीअधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांच्या निरोगी स्तनग्रंथींची त्यांनी तुलना केली. रोग जडण्यापूर्वीच ऊतींत काय वेगळे असते, असा हा प्रश्न होता. पॅजेटचे नाव न घेताही तो मातीचाच प्रश्न होता. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

८/१८
पुढे त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये ‘हेला’ ही मानवी पेशींची पहिली अमर वाण तयार झाली. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या होत्या आणि त्या घेताना तिची संमती विचारलेली नव्हती, ही बाजूही या इतिहासाचा भाग आहे. परतल्यावर कमलाबाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. बाटलीत जिवंत राहणारी पेशी आता येथेही प्रश्नांना उत्तरे देऊ शकत होती. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

९/१८
इकडे हुकुमांचा पहिला सुगावा एका वेगळ्याच वाटेने लागला होता. आपल्या गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातील कॅल्शियम कमी झाले की एक संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम मागवून घेतात. १९४१ मध्ये बोस्टनचे फुलर ऑलब्राइट यांच्यापुढे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण आला. त्याच्या हाडात रोग होता आणि रक्तात कॅल्शियम वाढले होते. ऑलब्राइट यांनी तर्क केला : ही गाठच पॅराथायरॉइडसारखे काही द्रव्य बनवत असावी. म्हणजे खजिन्यातून रक्कम निघत होती, आणि मागणीच्या पत्रावर खऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का नव्हता.

१०/१८
ते पत्र हाती लागायला ४६ वर्षे गेली. १९८७ मध्ये मेलबर्न येथे जॉन मार्टिन यांच्या गटाने कर्करोगाच्या पेशींतून ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला नाव मिळाले पॅराथायरॉइड संप्रेरकाशी संबंधित प्रथिन, संक्षेपाने पीटीएचआरपी. त्याच्या आरंभीच्या १३ अमिनो आम्लांपैकी ८ खऱ्या संप्रेरकाशी तंतोतंत जुळतात. पुढचा मजकूर मात्र निराळा आहे. मोडी कागद वाचणारा ज्याप्रमाणे मायन्यावरून पत्राची जात ओळखतो, त्याप्रमाणे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणू हा आरंभ पाहतो आणि हुकूम खरा मानतो.

११/१८
पण हुकूम पाडणाऱ्या पेशींना थेट मिळत नाही, हा पुढचा धडा होता. तो मिळतो बांधणाऱ्यांना. पीटीएचआरपी पोहोचताच ऑस्टिओब्लास्ट आपल्या पृष्ठभागावर रँकलिगँड नावाचा रेणू वाढवतात. पाडकाम करणाऱ्या पेशींची पूर्वजपेशी त्याला भिडली की तिचे रूपांतर ऑस्टिओक्लास्टमध्ये होते. हाडाकडे याला आवर घालणारे एक प्रथिनही असते : ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे अस्थिरक्षक. ते रँकलिगँडला आधीच पकडून ठेवते. १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत अमेरिकेतील आणि जपानमधील गटांनी ही जोडी उलगडली. गवंड्यानेच पाडकाम्यांना बोलावणे धाडायचे, ही निरोगी हाडाची रीत आहे. कर्करोग त्याच रितीचा वापर करतो.

१२/१८
यानंतरचा भाग सर्वांत क्रूर आहे. हाड बांधताना त्यात वाढीची द्रव्ये पुरून ठेवलेली असतात. टीजीएफ-बीटा हे त्यांतील प्रमुख. हाड विरघळले की ते मोकळे होते. निरोगी स्थितीत ते दुरुस्तीच्या कामी येते. पण शेजारी कर्करोगाची पेशी बसलेली असेल, तर टीजीएफ-बीटाचा निरोप तिलाही मिळतो आणि ती आणखी पीटीएचआरपी बनवते. मग आणखी पाडकाम, आणखी टीजीएफ-बीटा. शास्त्रज्ञ याला दुष्टचक्र म्हणतात. १९९६ मध्ये थेरेसा गाइज आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये मानवी स्तन-कर्करोगाच्या पेशी सोडून पीटीएचआरपी निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे दिली. हाडाची झीज घटली. पत्र वाटेत अडवता येते, हे सिद्ध झाले.

१३/१८
पेशी हाडापर्यंत येतात कशा, याचेही एक उत्तर मिळाले. अस्थिमज्जा सीएक्ससीएल१२ नावाचे आकर्षक द्रव्य सोडते. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींना घरी थोपवून धरण्याचे काम त्याचे. २००१ मध्ये ‘नेचर’मधील एका निबंधाने दाखवले, की स्तन-कर्करोगाच्या पेशींच्या अंगी या द्रव्याला ओळखणारा सीएक्ससीआर४ हा ग्राही असतो. २००३ मध्ये न्यूयॉर्कला जोआन मासाग्वे यांच्या प्रयोगशाळेत यिबिन कांग आणि सहकाऱ्यांनी हाडात हमखास रुजणाऱ्या पेशी निवडून त्यांची जनुके तपासली. काही मोजकी जनुके तेथे चढ्या पातळीवर होती. त्यांत सीएक्ससीआर४ होते, आणि ऑस्टिओपॉन्टिन नावाचे मूळचे हाडातले प्रथिनही होते.

१४/१८
हे ऑस्टिओपॉन्टिन त्याच सुमारास पुण्यातही तपासले जात होते. शनिवार पेठेतून मुठा ओलांडून गणेशखिंडीकडे गेले, की विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र लागते. १९८० च्या दशकात देशातील प्रयोगशाळांना जिवंत पेशींची वाणे पुरवण्यासाठी ही संस्था सुरू झाली. कमलाबाईंनी मुंबईत जी विद्या आणली, तिचेच हे राष्ट्रीय कोठार. येथील गोपाल कुंडू यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, की ऑस्टिओपॉन्टिनचा संदेश मिळालेल्या स्तन-कर्करोगाच्या पेशी अधिक चपळ होतात आणि भोवतालचे अडसर वितळवणारे विकर सोडतात. बाहेरच्या निरोपापासून पेशीतील पीआय३-कायनेज, एकेटी आणि एनएफ-कप्पा-बी या साखळीपर्यंतचा मार्ग त्यांनी कडीकडीने मांडला. २००४ मध्ये कुंडू यांना भटनागर पारितोषिक मिळाले.

१५/१८
याच संस्थेत मोहन वाणी यांचा गट पाडकाम करणाऱ्या पेशींचा अभ्यास करत होता. २००३ मध्येच त्यांनी एक उलट निरोप शोधला. इंटरल्यूकिन-३ हे प्रतिकारशक्तीतील संदेशद्रव्य पूर्वजपेशींना मिळाले, तर रँकलिगँडचे बोलावणे येऊनही त्या ऑस्टिओक्लास्ट होत नाहीत. त्यांचे नशीब वेगळ्या वाटेला, भक्षकपेशींच्या कुळाकडे वळते, आणि ते वळण कायमचे असते. हे काम उंदरांच्या पेशींवर झाले. पुढे मानवी पेशींतही या द्रव्याचा अटकाव दिसून आला. त्यावरून रुग्णांसाठी औषध तयार झाले, असे नाही. पण हाडाच्या दरबारात पाडकामाला नकार देणारे आवाजही असतात, हे त्यातून कळले.

१६/१८
आता त्या पहिल्या पत्राकडे परत यायला हवे. पीटीएचआरपी हे कर्करोगाने रचलेले बनावट पत्र आहे, असे प्रारंभी वाटले होते. नंतर निराळेच सत्य पुढे आले. बाळाला पाजणाऱ्या आईचा निरोगी स्तन हेच प्रथिन बनवतो. दुधासाठी कॅल्शियम लागते, आणि स्तन ते आईच्या हाडांकडून मागवतो. २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगात स्तनग्रंथीतील या प्रथिनाचे जनुक काढून टाकले, तेव्हा पाजणाऱ्या माद्यांच्या हाडांची झीज कमी झाली. पाजणे थांबले की आईचे हाड पुन्हा भरून येते. म्हणजे स्तन आणि हाड यांच्यातील पत्रव्यवहार मूळचाच आहे. शिक्का खरा, दफ्तर खरे, हरकारेही नेहमीचेच. लिहिणारा हात तेवढा बदलला.

१७/१८
येथे फितुरीचा दृष्टान्त अपुरा पडतो, आणि ते मान्य केले पाहिजे. हाडातील पेशी फितूर नसतात. त्या नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करतात. रुग्ण स्त्रीच्या हातूनही काही पाप घडलेले नसते. ही जाणीव उपचारांच्या कामी आली. पाडकाम थोपवणारी बिस्फॉस्फोनेट औषधे १९९६ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत उपयोगी ठरली : हाडे मोडण्याचे प्रमाण घटले, वेदना कमी झाल्या. रँकलिगँडला पकडणारे डेनोसुमॅब हे प्रतिपिंड २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हाडातील अस्थिरक्षक जे करतो, तेच ते बाहेरून करते. ही औषधे कर्करोगाची पेशी मारत नाहीत, त्यांचा रोख मातीवर असतो. ती रोग मुळातून बरा करत नाहीत, पण चालती-फिरती वर्षे वाढवतात. बियाण्यावरचे उपचार त्यांच्या जोडीने चालूच ठेवावे लागतात.

१८/१८
आज स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. बायकांची कंबरदुखी मात्र घरोघर वयाच्या, बाळंतपणाच्या, कामाच्या खात्यावर टाकली जाते. बहुतेकदा ते खरेही असते. पण ज्या स्त्रीला पूर्वी हा रोग होऊन गेला आहे, तिच्या हाडाचे नवे, रात्री वाढणारे, न हटणारे दुखणे डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, मग उपचार संपून कितीही वर्षे लोटलेली असोत. पॅजेटने ७३५ मृत स्त्रियांच्या नोंदी वाचून मातीकडे बोट दाखवले. त्या मातीतले निरोप वाचणारी माणसे पुढे लंडन, बाल्टिमोर, मेलबर्न, मुंबई आणि पुणे येथे कामाला लागली. शनिवारवाड्याचा तट बाहेरून पाहून १८१७ चा इतिहास कळत नाही, त्यासाठी दफ्तर उघडावे लागते. हाडाचे दफ्तर आता उघडले आहे. दुखणे वेळेवर सांगितले आणि ऐकले गेले, तर त्याचा उपयोग जिवंत स्त्रियांना होतो.